काळ्या मोत्यांची नथ

दुपारची झोप अनसूयाबाईंच्या पापण्यांवर येते आणि परत जाते. आईचं चित्र त्यांनी छातीशी धरलंय. कालच दुरुस्त होऊन आलंय, काच अजून बसायचीय. संध्याकाळी मुलगा, श्रीधर, आला की पोलीस चौकीत जायचं ठरलंय. दुरुस्ती करणाऱ्या त्या तेजश्रीने खरं चित्र ठेवून घेतलं आणि नक्कल माथी मारली, याची त्यांना खात्री आहे. आईच्या नथीत काळे मोती होते. आई आठवत नाही, मोती आठवतात. या चित्रात ते पांढरेशुभ्र आहेत. पुठ्ठ्याची चौकट न उघडता मोत्यांपुरतंच रंग उजळायचं औषध लावलं, असं ती तेजश्री म्हणते.

पंख्याची घरघर मंदावते आणि खोलीत शाळेचे बाक आहेत. फळ्यापाशी आप्पा कुंचला धूत उभे आहेत. मिरजेच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर, त्यांचे वडील. केव्हाच गेलेले, पण मिश्या अजून काळ्याभोर.

"तिनं पाठवलं ना तुम्हाला?" अनसूयाबाई विचारतात. "चहा पाजला असेल."

"मेलेल्या माणसाला कोण चहा पाजतंय, अनू."

आवाज आप्पांचाच. पण आवाजाचीही नक्कल होते. त्या चित्र पदराआड घेतात. खरे आप्पा असाल तर सांगा, म्हणतात, आईची नथ काळ्या मोत्यांची का होती?

आप्पा कुंचला झटकतात. बाकांच्या जागी ओसरी आहे, ऊन आहे, पाटावर आई बसलीय, तोंड पलीकडे करून.

"मी पांढरेच रंगवले होते. शिशाचा सफेदा तो, वर्षं जातील तसा काळवंडत गेला."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्या आईची नथ जगावेगळी, असं सगळ्या आळीला सांगत सुटायचीस. तुझ्याजवळ तिचं तेवढंच होतं. ते कसं पुसू?"

अनसूयाबाईंचा संशय हटत नाही. फसवणारे असंच गोड बोलतात. त्या पुरावा मागतात.

आप्पा नुसतं बोट दाखवतात. आईच्या मांडीवर वर्षाचं मूल आहे. ते वाकतं, सफेद्याच्या वाटीत बोट बुडवतं आणि चित्राच्या खालच्या कडेला टेकवतं. आप्पा रागावत नाहीत. त्यावर पुठ्ठ्याची चौकट ठेवून खळीने घट्ट चिकटवतात. आई वळू लागते. आधी नथ दिसते.

"आई, निघायचं ना चौकीत?" श्रीधर दारात उभा आहे.

चित्र मांडीवर आहे. चौकट एका कोपऱ्यात सुटलीय आणि वाळल्या खळीचा चुरा अनसूयाबाईंच्या नखांत आहे. त्या पुठ्ठा हलकेच उचलतात. आत, कागदाच्या कडेला, तुरीच्या दाण्याएवढा बोटाचा ठसा. आईच्या मोत्यांसारखाच काळा.

बराच वेळ त्या त्याच्यावर आपलं बोट धरून बसतात, टेकवत नाहीत.

"चौकी राहू दे," त्या म्हणतात. "त्या पोरीला चहाला बोलाव. पण आधीच बजावून ठेव, याला हात लावायचा नाही."