काकूंचा ळ

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. काकूंच्या पुस्तकातला प्रत्येक ळ मी घालवला आणि दोष त्यांच्या वयावर ढकलला.

काकू नात्यातल्या नव्हेत. भोपाळला, बरखेड्याच्या कॉलनीत आमच्या क्वार्टरच्या वरच्या मजल्यावर त्या राहायच्या. काका आणि माझे वडील एकाच कारखान्यात. आम्ही मुलं शाळेत हिंदी शिकायचो, म्हणून रविवारी सकाळी काकू कॉलनीतल्या मराठी पोरांना मराठी शिकवायच्या. कोणी ‘शाला’ म्हटलं की ओरडायच्या, “जीभ मागे वळव, गाढवा! शाळा!” काका गेल्यावर त्या कोलार रोडला, आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये आल्या. मी दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर आठवणी लिहायला लागल्या. दोन वर्षांत दीडशेच्या वर पानं झाली.

मग एक दिवस मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मुदत संपली म्हणून उघडेना. विंडोजही कोपऱ्यात ‘ही प्रत अस्सल नाही’ असं कधीपासून बजावत होतं. दोन्ही मीच कुठून कुठून आणून टाकलेलं.

“विकत घेऊ या ना रीतसर,” काकू म्हणाल्या.

“कशाला, काकू? लिनक्स टाकतो. सगळं फुकट.”

“फुकट म्हणजे चोरीचं नाही ना रे?”

“उलट, आत्तापर्यंतचं चोरीचं होतं.”

“अगं बाई! म्हणजे मास्तरीण दोन वर्षं चोरीच्या मालावर लिहीत होती?” त्या खूप हसल्या.

मी कारखान्यात ड्रॉइंगच्या खात्यात आहे, कॉम्प्युटरवाला नाही. पण हो म्हणून बसलो होतो. एका वहीत डावीकडे विंडोजचं आणि उजवीकडे लिनक्सचं, अशी यादी सुरू केली. वर्डसमोर लिबरऑफिस, फोटोशॉपसमोर गिंप. मराठी टायपिंगच्या समोर काय लिहावं ते कळेना. इंटरनेटवर एक जण म्हणे हे टाका, दुसरा म्हणे ते चुकूनही टाकू नका, तिसरा मलाच विचारी की तुमचं लिनक्स कुठलं? लिनक्स अनेक असतात हे मला तेव्हा कळलं. शेवटी एवढं उमगलं की नवं मराठी टाइप करायला काहीच लागत नाही, ते आत असतंच. अडचण जुन्या पानांची होती. त्या जुन्या फाँटमध्ये प्रत्येक मराठी अक्षराच्या पोटात इंग्रजी अक्षर दडलेलं होतं. फाँट काढला की काकूंचं लग्न, काकूंचं माहेर, सगळं नुसती एबीसीडी.

ती पानं बदलून देणारं एक फुकट साधन हिंदीच्या एका साइटवर सापडलं. मजकूर टाकला, बटण दाबलं, खाली झरझर देवनागरी उमटली. पहिली ओळ होती, ‘आम्ही भोपालला आलो तेव्हा’. मला काहीही खटकलं नाही. दुकानाच्या पाट्यांपासून बसपर्यंत जन्मभर मी भोपालच वाचत आलो. ते साधन हिंदीसाठी बनवलेलं होतं. त्याला ळ माहीतच नव्हता, तिथे ते ल ठेवत गेलं.

लिनक्स चढवायला पेन ड्राइव्ह लागतो. समोर काकूंचा होता, त्यात त्यांची मूळ प्रत. मी तो पुसून वापरला. पुढे मशीनने विचारलं, सगळी डिस्क पुसू का? नवा मजकूर मी स्वतःला मेल केला होता, म्हणून हो म्हटलं. जुनं दोन्हीकडून गेलं.

“तू नीट बघितलंस ना सगळं? माझे डोळे आता पडद्यावर टिकत नाहीत,” त्या म्हणाल्या.

“बघितलं, काकू.” मी पहिल्या पानापुढे गेलो नव्हतो.

चाळीस प्रती काढून बांधल्या, त्यातल्या काही नातेवाइकांना पाठवल्या. आठवड्याने नागपूरहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. मी तिथेच होतो, स्पीकर चालू.

“ताई, पान बारा. ‘रोज सकाली दोन केली.’ काय केली गं रोज सकाळी?” पलीकडे हसणं मावेना. “आम्हाला ळसाठी छड्या मारायचीस, आणि स्वतः अगदी भोपालची झालीस की!”

काकूंनी भिंग घेतलं आणि पानामागून पान बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माझा ळ गेला रे. पन्नास वर्षांत इथे बोटांतून कधी गळून गेला, कळलंच नाही.”

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही. म्हणालो, “होतं काकू, या वयात.”

त्यानंतर त्यांनी एक ओळही लिहिली नाही. कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात. उरलेल्या प्रती दिवाणात आहेत.

मी चोरून दुरुस्ती करतोय. आधी अक्कल चालवून सगळेच ल एका झटक्यात ळ केले. ‘मळा आठवतं, आई आळी आणि बसळी.’ घाबरून सगळं मागे घेतलं. आता शब्दागणिक चालतो. सकाली म्हणजे सकाळी, हे सोपं. पण ‘काल’ आला की थांबतो. कालचा दिवस, की तो काळ? ‘वेल’ म्हणजे वेळ, की गॅलरीतला वेल? मागची-पुढची चार वाक्यं वाचून ठरवतो, आणि दुसऱ्या दिवशी तेच चुकलंसं वाटतं.

एका वाक्यापाशी मात्र कितीतरी रविवार अडलोय. ‘बरखेड्याला पहिल्या वर्षी मूल टिकलं नाही. मी कोणाला सांगितलं नाही.’ वरच्या परिच्छेदात माहेरून आणलेला मोगरा लावल्याचं लिहिलंय. तेव्हा मूळ असेल, मोगऱ्याचं. पण मोगरा वाळला तर कोणाला सांगण्यासारखं काय असतं? काका-काकूंना मूलबाळ झालं नाही, एवढंच आम्हा सगळ्यांना माहीत. ळ घालावा, की ल राहू द्यावा? विचारायचं तर का विचारतोय ते सांगावं लागेल.

काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि माझ्या घरापासून तीन मिनिटांवर राहतात. त्यांच्यासमोर बसून सांगायचंय की ळ तुमच्या बोटांतून गेला नाही, मी घालवला. आणि मग त्या वाक्यातलं अक्षर त्यांनाच विचारायचंय. एवढं मी त्यांचं देणं लागतो.