दक्षिणेकडचा व्हरांडा

रोग्याला हात लावण्यापूर्वी वैद्य इंदूताई शेडगे आपला तळवा स्वतःच्या गालावर टेकवीत. थंड वाटला तर चोळून ऊन करीत, पुन्हा गालाला लावीत आणि मगच रोग्याकडे वळत. "थंड हाताने माणूस आखडतो. आखडलेल्याला मी काय मोकळं करणार?" असे त्या म्हणत. गर्दीच्या दिवशी मला या विलंबाचा त्रास होई. त्यांनी सवय सोडली नाही.

महाडच्या एका विश्वस्त रुग्णालयात मी वैद्यकीय प्रमुख होतो. नव्वदच्या दशकात तिथे पक्षाघाताच्या रोग्यांसाठी आयुर्वेद विभाग सुरू झाला, तो ताईंच्या आग्रहामुळे. विभाग म्हणजे दक्षिणेकडचा उन्हाचा व्हरांडा, दोन लाकडी बाकडी, तेल तापवण्याची शेगडी आणि मालीश करणाऱ्या दोन बाया. रक्तदाब मी आटोक्यात आणावा, हातपाय त्यांनी हलते करावेत, अशी वाटणी होती. कोणी माझे औषध टाकून केवळ मालिशीवर विसंबू लागला, की त्या बजावीत, "डॉक्टरांची गोळी बंद, तर माझं तेलही बंद."

पोलादपूरच्या डोंगरातला गंगाराम आला तेव्हा त्याची उजवी बाजू गेलेली होती. काही महिन्यांत तो काठी टेकून उभा राहिला.

"बाय, औंदा भातलावनीला जाईन ना गो?"

"आधी संडासला एकटा जा. मग लावणीचं बोल."

"तां पन जाईन. पन तू व्हरांड्यात उभी नको रावूस."

त्या हसल्या. त्यांना हसताना मी क्वचित पाहिले.

अडचण त्या दोन बायांच्या पगाराची होती. गरीब रोग्यांकडून तो निघत नसे आणि विश्वस्त तो कायमचा पत्करायला तयार नव्हते. पगार थांबला तर विभाग बंद होणार, हे उघड होते. आम्ही दोघे देणगीदारांकडे फिरलो. दासगावचे कासमभाई आखातात कमावून परतले होते; त्यांच्या आईला ताईंनीच चालते केले होते. ते म्हणाले, "बाई, खाट देतो, पंखा देतो. पगार कसा देऊ? त्यावर अम्मीचं नाव कुठं घालायचं?"

"जो चालत घरी जाईल, त्याच्या तोंडी घाला."

कासमभाई ओशाळले. पंखा मात्र त्यांनी पाठवला.

अखेर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने होकार दिला. पगार त्यांच्या नियमात बसत नव्हता. बांधकाम बसत होते. विभागाला खोली मिळाली. गुळगुळीत पांढऱ्या फरशा, कधीही न उघडणाऱ्या काचेच्या खिडक्या, वातानुकूलन यंत्र आणि दारावर देणगीदारांची संगमरवरी पाटी. उद्घाटनाला ताईंनी कारखान्याच्या अधिकाऱ्याला विचारले, "खिडकी उघडेल का?"

"मॅडम, एसीच्या रूमला खिडकी कशाला उघडायची?"

व्हरांड्यात औषधांचे कोठार हलवले गेले. व्हरांड्यात परत जाण्याची वाट बंद झाली. यंत्र चालू केले, की अंगाला तेल लावलेला रोगी कुडकुडे. बंद केले, की शेगडीच्या उष्णतेने आणि तेलाच्या वासाने जीव गुदमरे. ताईंचा तळवा गालावर जाई आणि पुष्कळ वेळ तिथेच राही. पगाराविना एक बाई निघून गेली. तिला त्याच कारखान्यात पॅकिंगचे काम मिळाले.

पुढे गंगाराम तेलकट फरशीवर घसरला. खुब्याचे हाड मोडले. काठी टेकत आलेला माणूस स्ट्रेचरवरून गेला. तो पुन्हा उभा राहिला नाही.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "एवढी चांगली खोली दिली, ताई, आणि हे असं?"

"मी खोली मागितली नव्हती. दोन माणसं मागितली होती."

मी त्यांच्या बाजूने बोललो. त्याची नोंद झाली. विभाग बंद झाला आणि खोलीत अतिदक्षता विभाग आला. त्याचीही तालुक्याला गरज होती. विरोधाला माझ्यापाशी आधार नव्हता.

ताई पोलादपूरला आपल्या घरी रोगी पाहू लागल्या. काही वर्षांनी त्यांना बेशुद्धावस्थेत आमच्याकडे आणले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. खाट त्याच खोलीत मिळाली. करण्यासारखे होते ते सारे केले. करण्यासारखे फारसे नव्हते.

शेवटच्या सकाळी मी नाडी पाहायला गेलो. हात पुढे केला आणि मागे घेतला. तळवा गालाला लावून पाहिला. थंड होता. चोळला, पुन्हा लावला, पुन्हा चोळला. परिचारिका माझ्याकडे पाहत उभी होती. डोक्यावर वातानुकूलन यंत्र चालू होते. हात ऊन होईना.

तसाच लावला.