दात्याने आत एकट्यानेच जायचं असतं

"अमोल, लष्करात होतात ना? मग आडवळणाने सांगत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या आहेत."

नौपाड्यातल्या त्या दवाखान्यात अमोल माझ्या शेजारी ताठ बसला होता. माझा थोरला मुलगा, तिशीही न गाठलेला. गुडघ्याच्या दुखापतीमुळे सैन्यातून लवकर घरी आलेला, बाळकुमच्या एका संकुलात सुरक्षेचं काम पाहणारा. काही आठवडे त्याच्या पायांवर मोज्यांचे वळ खोल उमटत होते. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, असं आम्ही आपलं ठरवून टाकलं होतं. क्रिएटिनिन हा शब्द त्या दिवशी कळला. शरीरात रोज तयार होणारा, किडनीने बाहेर टाकायचा कचरा. त्याच्या रक्तात तो साचला होता.

उपाय दोन. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त धुऊन घेणं. किंवा घरातल्या कुणाची तरी किडनी.

"म्हणजे ड्युटी लागली," अमोल म्हणाला.

डायलिसिसवर पाणी मोजून प्यायचं असतं. डोंबिवलीच्या उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा चघळत बसे. मी स्वयंपाकघरात त्याच्याकडे पाठ करून पाणी प्यायला शिकले. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढल्यामुळे आवाज न करता वावरायची सवय होतीच, पण घोट गिळल्याचाही आवाज होतो हे तेव्हा कळलं.

माझा मधुमेह जुना, म्हणून माझी किडनी पहिल्याच दिवशी बाद झाली. यजमान कधीच गेलेले. आम्ही नातेवाइकांकडे जायचो ते किडनी मागायला नव्हे, पण लोक चहा ठेवायच्या आधीच आपला रक्तदाब सांगू लागले. "अगं वहिनी, माझी शुगर तर तीनशेला टेकलीय," नणंद म्हणाली, आणि स्वतःच्या कपात दोन चमचे साखर घातली. रिक्षात बसेपर्यंत अमोलने हसू दाबून धरलं.

राहिला निखिल, माझा धाकटा. ऐरोलीला नोकरी, नुकतंच लग्न ठरलेलं. "मी देतो ना. त्यात काय!" तो म्हणाला. रक्तगट जुळला. मग क्रॉसमॅच झाली, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांशी भांडतं का ते पाहणं. भांडलं नाही. मी देवापुढे साखर ठेवली.

डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, "दात्याशी आम्ही एकांतात बोलतो. तो काय बोलला ते बाहेर जात नाही. किडनी घेता येईल की नाही, एवढंच तुम्हाला कळेल."

निखिल आत गेला. बाहेर आल्यावर तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसला. नाडी सुटलेली नव्हती.

पुढच्या भेटीत आम्ही तिघेही होतो. बाई म्हणाल्या, "वैद्यकीय कारणामुळे निखिलची किडनी घेता येणार नाही."

"कसलं कारण?" मी विचारलं.

"एवढंच सांगता येतं, आई."

परतताना टॅक्सी शीळफाट्याला अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक, काचा बंद. उतरून चालू लागावं असं वाटलं, पण जाणार कुठे? शेवटी अमोलने पुढच्या सीटवरच्या निखिलच्या डोक्यात टपली मारली. "निख्या, बरं झालं रे. तुझी किडनी लावली असती तर मीपण दहा वाजेपर्यंत लोळलो असतो." निखिल हसला. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

घरी आल्यावर अमोल मला म्हणाला, "आई, लष्करात आमच्याकडे कोण जाणार असं विचारलं की हात वर व्हायचे. काही मनापासून, काही शेजारचा बघतोय म्हणून. लांबूनही ओळखू यायचे. त्याला कधी विचारू नकोस."

मी विचारलं नाही. दोन मुलांच्या मधे उभी राहून एकाचं आयुष्य दुसऱ्याकडे मागायचं, हे मला जमणारही नव्हतं. अमोलचं नाव मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठीच्या यादीत लागलं. फोन वाजला की आम्ही तिघेही एकदम उठायचो. तो फोन आला नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याचं हृदय थकलं आणि एका सकाळी डायलिसिस सुरू असतानाच थांबलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पानं उचलल्यावर निखिल स्वयंपाकघरात आला. "आई, तेव्हा डॉक्टरांना मी आत नाही म्हणालो..."

"दादाला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"शीळफाट्यापासून."

तो ओट्याला टेकून लहानपणी रडायचा तसा रडला. नंतर म्हणाला, "हे लिही तू. माझ्यासकट." म्हणून लिहिते आहे.

तुमच्या घरावर ही वेळ आली तर दात्याला आत एकट्याला जाऊ द्या. बाहेर आल्यावर काही विचारू नका. त्या बंद दाराचा मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, डॉक्टरबाईंनी ते लावून घेतलं नसतं, तर माझा दुसराही मुलगा मला तोंड दाखवायला राहिला नसता.

वर्षश्राद्धाच्या त्या दिवशी मी पाणी घेतलं आणि सवयीने भिंतीकडे वळले. निखिलने खांद्याला धरून मला अलगद आपल्याकडे फिरवलं. मी त्याच्याकडे बघत अख्खं भांडं प्याले.