काट्याने ठरवलेला चोर

धुळ्याच्या नानांनी मला चोर ठरवलं ते सकाळी आठ वाजता, अख्ख्या खान्देशाच्या साक्षीने. आम्ही हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने परवाना काढून घरून बोलणारे, रोज त्या वेळी रेडिओवर एकत्र येतो आणि कुणाचा आवाज किती जोरात पोचतोय ते रेडिओवरचा काटा बघून एकमेकांना सांगतो: एक ते नऊ, आणि त्याही पुढे गेला तर नऊच्या वर दहा, वर वीस.

"भाऊ, तुझा काटा नऊच्याही वर वीस! जळगावहून पन्नास वॅटमध्ये हे होत नाही. चोरून ॲम्प्लिफायर लावलाय तू. मी दिल्लीला लिहितोय."

पन्नास वॅट ही माझ्या परवान्याची हद्द. तक्रार गेली असती तर परवाना गेला असता, आणि माझ्याकडे ॲम्प्लिफायर नव्हताच! मी संतापलो. खरं सांगायचं तर मजाही वाटली. मोटारसायकल काढली आणि पारोळ्याला चहालाही न थांबता धुळं गाठलं.

"पुरावा लपवायला आलास?" दारातच नाना गुरगुरले.

"बघायला आलो, नाना."

टेबलावर रेडिओ, शेजारी तक्रारीचं चिकटवलेलं पाकीट. रेडिओवर कुणी चकार शब्द बोलत नव्हतं, तरी काटा नऊच्या वर वीसवर.

"हे कोण बोलतंय?"

"शेजारच्याचा इन्व्हर्टर. गोंगाट नुसता."

मी रेडिओमागची अँटेनाची केबल खसकन उपसली.

"मना रेडूले हात लावू नको!" नाना किंचाळले.

काटा जागचा हलला नाही.

"आता इन्व्हर्टर कुठून आत शिरला, नाना?"

मी मनसोक्त खाकरलो आणि सुरू झालो. जोरदार आवाज आला की रेडिओ आपणहून स्वतःला आवरतो, बारीक आला की मोकळा सोडतो. म्हणून जवळचा आणि लांबचा सारखेच ऐकू येतात. बैल उधळला की गाडीवान कासरा ताणतो, तसंच. काटा बैलाचं बळ दाखवत नाही, कासरा किती ताणलाय ते दाखवतो. नानांना खरखर सोसवेना, म्हणून त्यांनी गेनचं, म्हणजे रेडिओ किती बारीक ऐकेल ते ठरवणारं, बटण मागे फिरवून कासरा हातानेच ताणून ठेवला होता. बैल गोठ्यात आणि काटा वीसवर!

"मग गेल्या महिन्यात मी चोर ठरवले ते भुसावळवाले?"

"तेही साव होते, नाना."

"बठ्ठा चोर शेतस, सगळेच्या सगळे," नाना पुटपुटले, पण आवाजात पहिला जोर नव्हता.

मी बटण झोकात पुढे फिरवलं. काटा धाडकन खाली आला. नानांनी पाकीट फाडलं मात्र नाही, खणात टाकलं. "उद्या सकाळी बोल. मग ठरवतो."

दुसऱ्या दिवशी आठला मी छाती फुगवून बोललो. सगळे कान लावून बसलेले.

"ऐकलं," नाना म्हणाले. "काटा पाचावर. पन्नास वॅट तरी आहेत ना रे भाऊ, का बॅटरीवर बोलतोस? पाकीट फाडलं मी. एवढ्याशा आवाजाची काय तक्रार करायची!"

भुसावळवाले खो-खो हसले. परवाना वाचला होता. तरी आठ दिवस मी नानांशी बोललो नाही.