नॉर्मल आत्या

माझ्या आत्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. इतके, की येवल्यात तिचं नावच 'नॉर्मल आत्या' पडलं. ते रिपोर्ट माझ्याच नाशिकच्या लॅबमधून निघत आणि खाली सहीही माझी असे. म्हणजे बारशाचा मान माझाच.

एका साध्या तापानंतर तिचं उभं राहणं गेलं. ओट्यापाशी दोन भाकरी झाल्या की छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. पैठणीच्या मागावर मात्र ती तासभर बसे. तिच्या जावेला एवढा पुरावा पुरे होता. "मागावर जमतं, भाकरी थापायलाच चक्कर येती. लय शहाणा आजार हाय!" ज्यांच्या दारावरच्या पदव्या वाचून होईपर्यंत आपला नंबर लागतो अशा एका डॉक्टरांनी "मन रमवा" असा सल्ला दिला. मीही मान डोलावली.

आत्याला औषधाआधी कारण हवं होतं. "मी ढोंगी नाय, एवढं कागदावर दाव," ती म्हणायची. "नॉर्मल म्हंजे काय रे? रोग नाय, का तुला घावला नाय?" यावर मी चहा मागवायचो.

विणताना खोट दिसली, की ती कापडाकडे बघत बसत नसे. हात-पाय थांबवून मागाचा एकेक भाग तपासायची. एकदा मी येवल्याला गेलो असताना जाऊबाईंनी तोच टोमणा मारला आणि मागावर बसलेल्या आत्याचे पाय खालच्या पावड्या दाबता दाबता थांबले.

"जाऊबाई, खरं बोललात!" ती ओरडलीच. "हितं माझे पाय चालत्यात. वट्यापाशी नुसते उभे!" मग माझ्याकडे वळली. "तुम्ही समदे नाडी बसवून बघता. उभी करून बघ की!"

खरंच की. आल्या माणसाला आधी 'बसा' म्हणायचं, हे आमचं वळण. इतक्या वर्षांत तिला कुणी उभी करून तपासलंच नव्हतं. आडवी असताना नाडी अठ्ठ्याहत्तर. भिंतीपाशी न हलता दहा मिनिटं उभी राहिल्यावर एकशे सव्वीस! मी पुन्हा मोजली. माझीच नाडी पळायला लागली होती. "माझी बघा," जाऊबाई म्हणाल्या आणि त्याही दहा मिनिटं उभ्या राहिल्या. चौऱ्याऐंशी. त्या आत गेल्या आणि ओट्यापाशी स्टूल ठेवून आल्या.

दुसऱ्या डॉक्टरांनी तेच करून पाहिलं. म्हणाले, तापानंतर शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटली असेल. नुसतं उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं आणि हृदय धावत सुटतं; मागावरचे चालते पाय ते रक्त वर ढकलतात. नक्की कारण अजून कुणालाच ठाऊक नाही. तो 'असेल' मला खटकला, आत्याला मात्र फार आवडला. "ह्यो पयला डॉक्टर, ज्याला समदं म्हाईत नाय!" तिने गल्लीत पेढे वाटले. "मला रोग हाय!" असं आनंदाने सांगणारी बाई येवल्याने पहिल्यांदाच पाहिली.

ती पूर्ण बरी झाली नाही. स्टुलावर बसून भाकऱ्या थापायची आणि जाऊबाई पीठ मळून द्यायच्या. गेल्या वर्षी ती गेली.

लॅबमध्ये अजूनही नॉर्मल रिपोर्टांच्या जाडजूड फायली घेऊन माणसं येतात, ओशाळं हसत खुर्चीकडे वळतात. मी घाईने उठतो आणि म्हणतो, "बसू नका. जरा उभे राहा."