लवंगेचा वास

तुगिमानची ही हकिकत मी त्याला न विचारता लिहीत आहे. त्याच्या नोंदवहीत पडलेला एकमेव काळा शेरा वस्तुतः माझा आहे, आणि तो कोठेतरी माझ्या नावावर लिहिला जाणे मला आवश्यक वाटते.

तो जावातील कुदुस गावचा. तेथे लवंग घातलेल्या सिगारेटी वळल्या जातात. त्याच्या आईने तीस वर्षे तेच काम केले. तो स्वतः अकरा वर्षे प्रवासी जहाजावर खोल्या आवरीत होता. नवा करार मागच्या शेऱ्यांवर मिळे. धाकट्या मुलीचे परिचारिकेचे शिक्षण पुरे होईपर्यंत आणखी एक करार मिळाला की घरी परतायचे, असे पहिल्याच सकाळी चादर बदलताना त्याने माझ्या पत्नीला, रोकियाला, सांगितले. तिला तो इबू, म्हणजे आई, म्हणे आणि मला पाक, म्हणजे बाबा.

मलेशियातील मुआरच्या न्यायालयात मी छत्तीस वर्षे प्रबंधक होतो. सिंगापूरला जहाजावर चढताच मी नियमांचे पत्रक अखेरपर्यंत वाचले. धूम्रपान केवळ सातव्या मजल्यावर, डाव्या कोपऱ्यात. खोलीत व सज्जात सक्त मनाई. मात्र सिगारेट सोडल्याचे मी रोकियाला दोन वर्षांपूर्वी शपथेवर सांगितले होते, आणि सातव्या मजल्यावर चारचौघांत उभे राहिलो असतो तर ते तिच्या कानी गेलेच असते. म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी, ती बाहेर गेली असता, मी सज्जात उभा राहून एक ओढली. दार मात्र पुरते लागले नव्हते.

रोकिया परतली, तिच्यामागोमाग तुगिमान टॉवेल घेऊन आला, आणि त्याच्या कामाची पाहणी करणाऱ्या बाईही आल्या. त्यांनी हवा हुंगली आणि माझ्याकडे न पाहताच त्याला म्हणाल्या, "प्रवासी असली लवंगेची ओढत नाहीत. ही तुमच्याकडची. पाहुण्यांच्या खोलीत ओढताना लाज नाही वाटली?"

माझे आजोबाही जावाचेच, हे त्यांना ठाऊक नव्हते. तुगिमानने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा रोकियाकडे.

"चूक झाली, मॅडम."

बाईंनी पुढे केलेल्या कागदावर त्याने सही केली. तो गेल्यावर रोकिया म्हणाली की माणूस चांगला आहे, मी त्याच्यासाठी चार शब्द टाकावेत. मी मान डोलावली.

संध्याकाळी मार्गिकेत त्याला गाठून मी कारण विचारले.

"आईच्या हातांना जन्मभर हाच वास होता, पाक. मला नाही कळणार? पण इबू समोर होत्या. माझ्या वडिलांच्या वयाचे तुम्ही, बायकोसमोर खोटं कसं पाडू?" मग हळूच म्हणाला, "राख तेवढी पाण्याच्या ग्लासात टाकू नका. तो मलाच धुवावा लागतो."

सकाळी उतरण्यापूर्वी जहाजाच्या कचेरीत जाऊन खरे सांगतो, असे मी म्हणालो.

"आधी इबूंना सांगा. त्यांना दुसऱ्याकडून कळलं, तर माझं बोलणी खाणं फुकट जाईल."

न्याहारीला मी तिला सांगितले नाही. तरीही कचेरीच्या रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे दोघेच उरले असता रोकिया आली आणि ही रांग कशाची, असे तिने विचारले. मी म्हणालो, "चुकून उभा राहिलो." आणि सफर संपली होती म्हणून तिच्याबरोबर जहाजावरून उतरलो.

तीन आठवड्यांनी मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आले की संबंधिताचा करार वाढवण्यात आलेला नाही. दोष त्याने स्वतः लेखी कबूल केला आहे.

आज हा मजकूर लिहून झाला की तो प्रथम रोकियाच्या हाती देणार आहे.