वच्छीने कबूल केलेल्या चुका

एक पत्र्याची पेटी, एक गोधडी, दोन झगे आणि नऊ वर्षांची वच्छी... एवढं त्या दिवशी नेरच्या स्टँडवर उतरलं. मारेगावहून आमच्या यांचं पूर्ण आणि तिचं अर्धं तिकीट मिळून साडेचार रुपये लागले. साठ-एकसष्टची गोष्ट.

वच्छी माझ्या नणंदेची मुलगी. आईबाप गेल्यावर तीन वर्षं ती मारेगावला तिच्या काकांकडे होती. तिथे तिचं काय होत होतं ते कोणी सांगितलं नाही... आणि आम्हीही विचारलं नाही.

थंडीचे दिवस. कापसाच्या गाड्या मार्केटपासून पार आमच्या गल्लीपर्यंत उभ्या असायच्या, शाळेतून येताना वच्छीच्या केसांत कापूस अडकलेला असायचा. संध्याकाळी तिला पुढ्यात घेऊन एकेक पुंजका काढायचा... ते दिवस अजून डोळ्यांपुढे आहेत.

मी मॅट्रिक झालेली, नव्याने संसाराला लागलेली. देवाचं सगळं वेळेवर हवं. माझ्या माहेरची एक रीत मी सासरी आणली होती. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की मुलांनी दिवसभरातली एक चूक देवाला सांगायची, मग हातावर खडीसाखर. आम्ही भावंडं तर साखरेसाठी चुका करायचो.

वच्छीला हे एकदाच सांगावं लागलं. "मी पाणी सांडलं." "मी कढीपत्त्याची फांदी मोडली." रोज नवी चूक... आणि सांगून झालं की डोळे मिटून हात पुढे. मी त्यावर साखर ठेवायची. किती गुणाची पोर, म्हणून शेजारच्या काशीबाईंना सांगायची.

काशीबाई म्हणाल्या, "गुणाची तं हाय वो बाई. पण हसत काहून नाही?"

मी तिकडे लक्ष दिलं नाही.

असे दोनेक महिने गेले. मग एका दुपारी फडताळातून तुपाचं भांडं काढताना माझ्याच हातून अर्धं तूप सांडलं. तूप तेव्हा आमच्याकडे निरांजनापुरतं आणि सणापुरतंच यायचं. रोज सगळ्यांना काटकसर शिकवणारी मी... लाज वाटली, गुपचूप पुसून टाकलं.

संध्याकाळी हे घरी आले. निरांजनात तूप घालायला भांडं उचललं आणि म्हणाले, "हे हलकं काहून लागते?"

मी तोंड उघडायच्या आत आवाज आला. "मी सांडलं, मामा." डोळे मिटलेले, हात पुढे.

तूप सांडलं तेव्हा वच्छी शाळेत होती.

ती फांदी, ते पाणी... किती खोटं होतं यातलं? आणि तो हात. तो साखरेसाठी नव्हताच. ती छडीची वाट पाहत होती, रोज.

मी म्हटलं, "तूप मी सांडलं. दुपारी. तिचा काही संबंध नाही." हे टोपी काढून उठले. खुंटी माझ्या डोक्यामागे होती, तिथे टोपी अडकवायची, एवढंच. पण वच्छी धावत आली आणि आमच्या दोघांमध्ये हात पसरून उभी राहिली.

"मामीले नका मारू. मी सांडलं म्हणते ना."

हे तिथेच खाली बसले. म्हणाले, "अवं पोरी, मी कायले मारीन तुह्या मामीले? मलेच तिचा धाक हाय." आम्ही दोघं हसलो. ती नाही हसली.

मग हळूहळू कळलं. मारेगावला रोज संध्याकाळी दिवसाची झडती व्हायची. लवकर कबूल केलं तर चार छड्या, नाही म्हटलं तर मोजणं पुन्हा पहिल्यापासून. शाळेचं वेळापत्रक सांगावं तसं तिने ते सांगितलं.

मी ती रीत त्या तुपाच्या दिवशीच बंद केली होती. त्याऐवजी दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची. वच्छी कितीतरी दिवस गप्पच... मग एकदा हळूच म्हणाली, "आज बोरं खाल्ली." त्या बोरांचं कौतुक यांनी मार्केटभर केलं.

मला वाटलं, संपलं. संपत नाही. तिच्या लग्नात जिलेबी कमी पडली तर बोहल्यावरून म्हणाली, माझंच चुकलं. पुढे शाळेत शिकवलं, एकाही मुलावर कधी हात उचलला नाही... पण साहेब तपासणीला आले की आधीच माफी मागून मोकळी. आता सत्तरी ओलांडली, लोहाऱ्याला राहते. मागच्या महिन्यात तिच्याकडची लाईट गेली. फोनवर म्हणते, "माह्यंच काही चुकलं असन, मामी."

मी तिला कधी मारलं नाही, म्हणून मी स्वतःला चांगली समजत आले. पण दोन महिने देवापुढे उभी करून मीही तिच्याकडून तेच वदवून घेतलं. हे लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "लिहा न. काही चुकलं तं माह्या नावावर टाका."

नाही टाकणार. वच्छी, ती चूक माझी होती. आणि मारेगावची त्यांची होती. तुझी कुठलीच नव्हती.

इथे सगळ्यांपुढे उत्तर देऊ नकोस, अवघडशील. एक कार्ड टाक. त्यावर 'पटलं' एवढंच लिही, पण खरंच पटलं असेल तरच. उलट टपाली पाठव... मी वाट पाहते आहे.